खुन्याची कड घेणारा प्रेक्षक

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाले की अंगठ्याखाली करीट चिरडायचे, हा आपल्याकडला जुना रिवाज. करीट म्हणजे नरकासुर. मारणारा देव, मरणारा असुर; तेव्हा कोणाची कड घ्यावयाची हा प्रश्न घरातल्या लहान मुलालाही पडत नाही. पण फराळाचे डबे झाकून तेच कुटुंब दुपारी एखादा रहस्यपट पाहावयास बसते, आणि तेथे सारा हिशेबच उलटतो. पडद्यावर कोणीतरी प्रेत लपवीत असतो आणि आपण चांगली सोज्वळ माणसे मनातल्या मनात म्हणत असतो, “अरे, आटप लवकर! कोणीतरी येईल!”

हे असे का व्हावे? एरवी मुंगीलाही न दुखवणारा माणूस अडीच तासांपुरता खुन्याचा पाठीराखा का होतो? आणि झाला तर त्यात काही बिघडते काय?

नाशिककरांना हा प्रश्न तसा परका नाही. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. त्या कथेत हरिश्चंद्र आपल्याच तारामतीवर तलवार उगारतो. हात मारेकऱ्याचा, पण प्रेक्षकाचा जीव त्या हातातच अडकलेला. अर्थात तो हात सत्याने बांधलेला आहे आणि देव तो वरच्या वर धरणार आहे, हे सर्वांना ठाऊक असते. पुढच्या रहस्यपटांनी देव काढून घेतला आणि हात तेवढा ठेवला.

रंगभूमीनेही खुन्यासाठी डोळे पुसावयास लावले आहेत. नाशिकच्याच वि. वा. शिरवाडकरांनी ‘मॅक्बेथ’चा ‘राजमुकुट’ केला, ‘ऑथेल्लो’ही मराठीत आणला. पण नाटकातला खुनी आपल्याशी बोलतो. त्याचे फाटलेले मन आपण ऐकतो, त्याची कीव करतो आणि कीव करता करता त्याचा न्यायही करतो. चित्रपटाला इतके बोलावे लागत नाही. तो नुसते हात दाखवतो.

आल्फ्रेड हिचकॉकचा ‘सायको’ (१९६०) पाहा. ज्या तरुणीबरोबर आपण अर्धा चित्रपट प्रवास केला तिचा स्नानगृहात खून होतो. त्यानंतर नॉर्मन हा लाजाळू तरुण फरशी पुसतो, प्रेत मोटारीच्या डिकीत ठेवतो आणि मोटार दलदलीत ढकलतो. मोटार बुडू लागते आणि मध्येच थांबते. नॉर्मन इकडेतिकडे पाहतो. त्या दोन क्षणांत सारे प्रेक्षागृह श्वास रोखते. मोटार बुडावी असे वाटते, आणि ती बुडाली की आपल्याला हायसे होते! नॉर्मन आपल्या आईचे पाप झाकतो आहे, एवढाच त्या वेळी आपला समज असतो. खरा खुनी तोच, हे कळते तेव्हा आपली साथ देऊन झालेली असते.

यात जादू नाही. समोरचा माणूस सुईत दोरा ओवीत असला की बघणाऱ्याच्याही ओठांचा चंबू होतो. कोणी एकाग्रतेने, घामाघूम होऊन काम करीत असेल तर ते तडीस जावे असे आपल्याला वाटते. काम कसले आहे हे मन नंतर विचारते. हिचकॉकने हे नेमके हेरले होते. आपण खुनाची बाजू घेत नाही, खटपटीची घेतो. ज्याची भीती आपण मिनिटामिनिटाने भोगतो तो आपला होतो. मेलेल्याला मात्र पडद्यावर मिनिटे उरलेली नसतात.

हा शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचा पडताळा आपल्याकडच्या एका खऱ्या प्रकरणात मिळतो. २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत नौदलातील कमांडर कावस नानावटी यांनी आपल्या पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजा याच्यावर गोळ्या झाडल्या. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने त्यांना निर्दोष ठरवले. उच्च न्यायालयाने तो कौल बाजूला सारून जन्मठेप दिली, १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि पुढे राज्यपालांची माफी मिळाली. या प्रकरणाचा धागा घेऊन ‘ये रास्ते हैं प्यार के’ (१९६३), गुलजारांचा ‘अचानक’ (१९७३) आणि ‘रुस्तम’ (२०१६) असे हिंदी चित्रपट निघाले. ‘रुस्तम’मध्ये मेलेला माणूस नुसता परस्त्रीच्या नादी लागलेला नाही, तो देशाच्या संरक्षणव्यवहारातल्या भ्रष्टाचारातही गोवलेला. गोळी झाडणे म्हणजे जणू देशकार्य! प्रेक्षकाला अवघड वाटूच नये म्हणून मृताला इतका काळा रंग फासला, की तो माणूस न राहता करीट झाला. ‘अचानक’ याहून प्रामाणिक. तेथे फाशीची शिक्षा झालेल्या जखमी कैद्याला डॉक्टर जिवापाड झटून वाचवतात, ते फासावर जाण्यासाठीच. तो चित्रपट आपल्याकडून कीव मागतो, निर्दोष म्हणून शिक्कामोर्तब मागत नाही. खऱ्या आहुजाला एक बहीण होती. खटल्यात तिची साक्षही झाली. तिच्या डोळ्यांनी ही कथा कोणी सांगितली असती तर आपण कोणाची कड घेतली असती?

निशिकांत कामत यांचा ‘दृश्यम’ (२०१५) मला या जातीच्या चित्रपटांत मोठा वाटतो तो याच कारणाने. मूळ कथा जीतू जोसेफ यांच्या मल्याळम चित्रपटाची. पण गोव्याच्या मातीत ती आपली होऊन आली. केबलचा धंदा करणारा, चौथी नापास विजय साळगावकर. त्याच्या मुलीचे चोरून चित्रण करून धमकावणारा मुलगा झटापटीत तिच्या हातून मरतो. आत्मरक्षणाचा हक्क कायदाही मानतो, तेव्हा हा खून म्हणावा की नाही हाच प्रश्न. पण मेलेला मुलगा पोलीस महानिरीक्षक मीरा देशमुख यांचा, म्हणून बाप प्रेत पुरतो आणि ज्या दिवशी कुटुंब पणजीला नव्हते त्या दिवशी ते तेथेच होते, असे साऱ्या गावाच्या मनावर ठसवतो. तिकिटे, बिले, सत्संग, सारे काही जुळवतो. गायतोंडे हा पोलीस धाकट्या मुलीवर हात उगारतो, तेव्हा उरलेसुरले प्रेक्षकही विजयचे होतात.

हा चित्रपट मी नाशिकच्या एका चित्रपटगृहात घरच्या मंडळींसह पाहिला. शेजारी आत्याबाई होत्या. चौकशीच्या वेळी त्यांचे ओठ हलत होते. “सापडू नकोस रे बाबा,” एवढे मला ऐकू आले. शेवटी सारे गमावलेले आईबाप विजयपुढे हात जोडतात, आणि तो आडवळणाने क्षमा मागतो, पण प्रेत कोठे आहे ते सांगत नाही. आम्ही सारे त्याच्या हुशारीवर खूश होऊन बाहेर पडलो. आत्याबाई मात्र रिक्षात गप्प होत्या. घर जवळ आल्यावर म्हणाल्या, “पोरगं वाईट होतं, कबूल. पण त्या बाईनं आता रामकुंडावर काय घेऊन यायचं रे?”

मी निरुत्तर झालो. आत्याबाईंचा जन्म पंचवटीत गेला. लांबलांबच्या गावांहून लाल फडक्यात बांधलेल्या अस्थी घेऊन येणारी माणसे त्यांनी रोज पाहिलेली. विजयने मुलगी वाचवली, हे त्यांना मान्य होते. पण त्याने एका आईचा शोकही पुरून टाकला होता, आणि आम्ही त्याला टाळ्या दिल्या होत्या.

पुढे २०२० साली कामत गेले. २०२२ साली आलेल्या ‘दृश्यम २’मध्ये विजय त्या मुलाच्या अस्थी आईबापांच्या हाती पोचवतो. मी हे आत्याबाईंना सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, “उशीर केला मेल्यानं, पण दिल्या ना?” मला स्वतःला पहिल्या चित्रपटाचा न फिटलेला शेवटच अधिक खरा वाटतो; दुसऱ्यात ते देणेही एका नव्या युक्तीचा भाग होऊन बसते. तरी हे देणे आहे, याची जाण या कथेला होती. ‘रुस्तम’ला ती नव्हती.

तात्पर्य, खुन्यासाठी आपला जीव वरखाली झाला म्हणून लाजण्याचे कारण नाही. कलावंताने आपल्याला तेवढे जवळ नेले, एवढाच त्याचा अर्थ. परीक्षा पुढेच आहे. मेलेल्याचेही कोणी होते, हे तो चित्रपट आठवू देतो की नाही? आपल्या जुन्या कथाकारांना हे ठाऊक होते. भागवतात नरकासुर पडल्यावर त्याची आई भूमी आपल्या नातवाला घेऊन कृष्णासमोर येते आणि त्याच्यासाठी अभय मागते. देव ते देतो. करीट चिरडताना ही आई आपण बहुधा विसरतो. कथेने मात्र तिला उभी राहावयास जागा दिली आहे.