सई परांजपे यांची दिग्दर्शनदृष्टी : छोट्या पडद्याचा संस्कार

सई परांजपे (जन्म १९३८) यांच्या कारकिर्दीची चर्चा बहुधा ‘चश्मेबद्दूर’ (१९८१) या चित्रपटापासून सुरू होते आणि ‘हलक्याफुलक्या विनोदाच्या दिग्दर्शिका’ या बिरुदापाशी संपते. हे बिरुद अपुरे आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

पुणे आकाशवाणी, राष्ट्रीय नाट्य विद्यालय आणि दिल्ली दूरदर्शन या तीन ठिकाणी त्यांची जडणघडण झाली. आरंभीच्या दूरदर्शनची साधने तुटपुंजी होती. मोजकी पात्रे, बंदिस्त जागा आणि संवादावरील भर ही तेथील अपरिहार्यता परांजपे यांच्या हाती शैली बनली. ‘स्पर्श’ (१९८०) आणि ‘चश्मेबद्दूर’ या दोहोंची बीजे त्यांच्या दूरदर्शनवरील टेलिफिल्ममध्येच सापडतात.

या शैलीतून त्या नैतिक प्रश्न उभे करतात. ‘स्पर्श’मधील अंधशाळेचे प्राचार्य अनिरुद्ध यांना कवितेच्या प्रेमात त्यागाचा वास येतो आणि ते ठरलेले लग्न मोडतात. येथे प्रश्न अंधत्वाचा नसून डोळसांच्या दयाबुद्धीचा आहे. अनिरुद्धचा अहंकारही दिग्दर्शिका झाकून ठेवत नाही. स. गो. साठे यांच्या ‘ससा आणि कासव’ या नाटकावर आधारलेल्या ‘कथा’मध्ये (१९८३) चाळीतील हास्यविनोदाआड बोधकथाच उलटी केली आहे. सालस राजारामला संध्या मिळते खरी; परंतु तिला फसवणारा बाशू शिक्षेविना निसटतो. शर्यत नेमकी कोणी जिंकली, हा प्रश्न प्रेक्षकासमोर उरतो.

‘दिशा’मध्ये (१९९०) या दृष्टीचे सामर्थ्य आणि मर्यादा एकत्र दिसतात. मुंबईतील गिरणी कामगारांची दाटीवाटीची खोली परांजपे अचूक टिपतात, कारण बंदिस्त अवकाश हे त्यांचे हक्काचे क्षेत्र आहे. याउलट गावातील विहिरीला अखेर लागणारे पाणी स्थलांतराच्या जटिल प्रश्नाला काहीसे सोपे उत्तर देऊन जाते. व्यक्तीचे अंतरंग त्यांना जेवढे गवसते, तेवढी व्यवस्था गवसत नाही.

तथापि, या मर्यादेमुळे त्यांचे मोल उणावत नाही. प्रेक्षकाला हसवत असतानाच त्याच्या सदसद्विवेकाला हात घालणे ही त्यांची खरी कमाई आहे. समीक्षेने विनोदाला गांभीर्याचा विरोधी मानल्यामुळेच तिची नोंद पुरेशी झाली नाही, असे म्हणावे लागते.