श्वासागणिक नवा ‘मी’ : एका तथाकथित बुद्धवचनाचे परीक्षण

आमच्या पालि वर्गाला येणारे एक उपासक डोंबिवलीच्या औद्योगिक क्षेत्रातील एका कारखान्यात शिफ्ट इन्चार्ज आहेत. ठाण्यास घोडबंदर मार्गावरील एका हॉटेलात अधिकाऱ्यांसाठी भरलेल्या नेतृत्व-कार्यशाळेस कंपनीने त्यांना पाठविले होते. तेथे वाटलेला एक कागद त्यांनी आमच्यापुढे ठेवला. वर तथागतांची मुद्रा आणि खाली, आपण प्रत्येक श्वासागणिक नवे होतो, अशा आशयाचे इंग्रजी वाक्य. “सर, हे वचन तिपिटकात कोठे येते?” एवढाच त्यांचा प्रश्न होता.

शोध घेता ते तिपिटकात नव्हे, तर मार्शल गोल्डस्मिथ यांच्या ‘द अर्न्ड लाइफ’ (२०२२) या पुस्तकाच्या आरंभी सापडले. तेथेही ते गौतम बुद्धांच्याच नावावर आहे. मोठ्या कंपन्यांच्या प्रमुखांना व्यक्तिशः मार्गदर्शन करण्याचा जो व्यवसाय एक्झिक्युटिव्ह कोचिंग या नावाने ओळखला जातो, त्यातील हे अमेरिकेतील अग्रगण्य नाव. गोल्डस्मिथ स्वतःला बौद्ध म्हणवितात. म्हणून त्यांचे पुस्तक वरवर चाळून बाजूस सारणे आम्हांस उचित वाटले नाही.

या शब्दांत असे वचन पालि तिपिटकात नाही. श्वासाचा विचार आनापानसतीत येतो. तेथे साधक दीर्घ श्वास दीर्घ म्हणून आणि ऱ्हस्व श्वास ऱ्हस्व म्हणून जाणतो. श्वासासरशी कोणी नवा ‘मी’ तेथे जन्मास येत नाही. अनत्तलक्खण सुत्तात तर पाचही खंधांविषयी, हे माझे नव्हे, हा मी नव्हे, हा माझा आत्मा नव्हे, असे पाहावयास सांगितले आहे. गोल्डस्मिथ यांनी अनिच्च घेतले आणि अनत्त सोडले. परिणामी एका आत्म्याच्या जागी श्वासांइतके आत्मे उभे राहिले!

असे असो. शब्दाची चूक ही पंडितांची कुरकुर म्हणून सोडून देता आली असती. परंतु या वचनाचा उपयोग कोणत्या कामी होतो, हे पाहणे आवश्यक आहे. मागचा ‘मी’ हा जणू दुसराच कोणी होता असे मानून त्याला क्षमा करावी आणि पश्चात्तापाच्या ओझ्यातून मोकळे व्हावे, असा गोल्डस्मिथ यांचा उपदेश आहे. कार्यशाळेत त्याचा प्रयोगच झाला. प्रत्येकाने आपली एक जुनी चूक चिठ्ठीवर लिहावयाची आणि ती टोपलीत टाकावयाची. आमच्या उपासकांनी लिहिले की, एका व्हॉल्व्हच्या दुरुस्तीची नोंद आपण वहीत केली, पण पाठपुरावा केला नाही, आणि आठवडाभरात एका कंत्राटी कामगाराचा हात भाजला. चिठ्ठी टोपलीत पडली, टाळ्या वाजल्या. “टाळ्या ऐकून मला अधिकच वाईट वाटले,” असे ते म्हणाले.

नव्या ‘मी’ला सर्वांत जवळ जाणारे स्थळ तिपिटकात शोधावयाचे तर ते मज्झिम निकायातील अंगुलिमाल सुत्तात आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आर्यजन्म झाल्यापासून मी जाणूनबुजून कोणाचा प्राण घेतलेला नाही, असे म्हणण्यास भगवंतांनीच अंगुलिमालाला शिकविले. येथवर गोल्डस्मिथ आनंदाने सोबत येतील. पण त्याच सुत्तात पुढे हा अर्हत भिक्षू श्रावस्तीत पिंडपाताला जातो, तेव्हा ढेकळे, दांडके, खडे त्याच्यावर येऊन आदळतात. डोके फुटते, पात्र भंगते, चीवर फाटते. भगवंत त्याला म्हणत नाहीत की तो मारेकरी दुसराच होता. ते त्याला हे सोसावयास सांगतात, कारण हा त्याच्याच कर्माचा विपाक आहे.

‘मिलिन्दपञ्ह’ या ग्रंथात तर हाच प्रश्न मिलिंद राजाने उघडपणे घातला आहे. जन्म घेणारा तोच असतो की दुसरा? तोही नव्हे आणि अगदी दुसराही नव्हे, असे भदंत नागसेन सांगतात आणि दृष्टांत देतात. एक मनुष्य दिवा घेऊन माडीवर जेवावयास बसला. दिव्याने गवत पेटले, गवताने घर, घराने गाव. गावकऱ्यांनी धरले तेव्हा तो म्हणाला, ज्या दिव्याच्या उजेडात मी जेवलो तो अग्नी वेगळा आणि गाव जाळणारा अग्नी वेगळा. न्याय कोणाच्या बाजूने करशील, असे नागसेन विचारतात. मिलिंद म्हणतो, गावकऱ्यांच्या; कारण हा अग्नी त्याच अग्नीतून निघाला.

डोंबिवलीच्या वाचकाला हा दृष्टांत समजावून सांगण्याची गरज नाही. २६ मे २०१६ रोजी आणि पुन्हा २३ मे २०२४ रोजी तेथील एमआयडीसीत रासायनिक कारखान्यांत स्फोट झाले, कामगार मृत्युमुखी पडले आणि आसपासच्या वस्तीतील घरांच्या काचा फुटल्या. अशा नगरात व्यवस्थापकांना माडीवरच्या मनुष्याचा युक्तिवाद शिकविला जातो, आणि तोही बुद्धाच्या नावाने. आमचा आक्षेप येथे आहे.

गोल्डस्मिथ यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून हेही नोंदवितो की, त्यांची प्रत्यक्ष कार्यपद्धती त्यांच्या या तत्त्वज्ञानाहून कितीतरी सरस आहे. अधिकारी सुधारला की नाही, हे ते त्या अधिकाऱ्याला विचारीत नाहीत. त्याच्याबरोबर आणि त्याच्या हाताखाली काम करणाऱ्यांना विचारतात, आणि सुधारणा दिसली नाही तर मोबदला घेत नाहीत. दीघ निकायातील सिगालोवाद सुत्तात दास-कर्मकरांना खालची दिशा म्हटले आहे. शक्तीनुसार काम देणे, अन्न व वेतन देणे, आजारात शुश्रूषा करणे, विशेष पदार्थ वाटून खाणे आणि वेळेवर सुटी देणे, अशी मालकाची पाच कर्तव्ये तेथे सांगितली आहेत. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ (१९५७) या ग्रंथात मालक व नोकर यांच्या विनयाला स्वतंत्र स्थान दिले. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळलेल्या पुरुषाची ती निवड आहे, हे विसरता येत नाही. खालच्या दिशेला विचारण्याची गोल्डस्मिथ यांची रीत या सुत्ताच्या वाटेवरची आहे. ठाण्याच्या कार्यशाळेने मात्र ती रीत वगळून केवळ श्वासाचे वाक्य उचलले. उपासकांनी सांगितले की दोन दिवसांत ‘कामगार’ हा शब्द एकदाही उच्चारला गेला नाही.

मिलिन्दपञ्हातील हा उतारा पुढच्या रविवारी आम्ही वर्गात मुळातून लावला. त्या कामगाराच्या औषधोपचाराचा खर्च ठेकेदाराने दिला की कंपनीने, असे एका विद्यार्थिनीने मध्येच विचारले. उपासकांना ते ठाऊक नव्हते; सोमवारी चौकशी करतो, असे ते म्हणाले. कार्यशाळेच्या आयोजकांना पत्र लिहून, त्या कागदावरील भगवंतांचे नाव काढावे आणि वाक्याखाली त्याच्या खऱ्या लेखकाचे नाव छापावे, असे आम्ही कळविले आहे. हे लिहीपर्यंत उत्तर आलेले नाही.