अंदाजाने मीठ

गेल्या दिवाळीच्या आदल्या रविवारी माझ्या चकल्या तेलात विरघळल्या. अक्षरशः विरघळल्या. सोऱ्यातून नीट पडल्या, कढईत गेल्या आणि डोळ्यांदेखत त्यांची वेटोळी सुटून तेलावर भाजणीचा लगदा तरंगायला लागला. समोर पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या फोनवर मात्र एक ताई हसतहसत खुसखुशीत चकल्या झाऱ्यावर काढत होत्या. व्हिडिओच्या नावात ‘सोप्या’ हा शब्द दोनदा होता.

आईला फोन केला.

“मोहन जास्त झालं,” ती न बघताच म्हणाली.

“मग किती घालायचं असतं?”

“अंदाजाने.”

पलीकडे थोडी शांतता. मग तिलाच माझी कीव आली असावी. “तुला जाताना ‘रुचिरा’ दिलंय ना? ते काढ की जरा.”

माझी चूक नंतर कळली. व्हिडिओतल्या ताईंनी ‘दोन मोठे चमचे’ तेल सांगितलं होतं. माझ्या फ्लॅटवर दोनच चमचे होते, एक चहाचा आणि दुसरा आमटी वाढायचा डाव. त्यातला मोठा मी घेतला.

ही चूक हास्यास्पद आहे, हे मान्य. पण त्या रात्री लगदा गाळून झाल्यावर मी जे पुस्तक उघडलं, ते मला नीट वाचावंसं वाटलं. पाककृती शोधायला म्हणून नव्हे, तर एखादं पुस्तक वाचतात तसं. घरच्या स्वयंपाकाबद्दल मराठीत इतकं छापलं आणि दाखवलं जातं, आणि त्यातलं जवळजवळ सगळंच ‘सोपं’ असतं. मग ते सोपं नेमकं कुणाला?

वाटी

कमलाबाई ओगले मूळच्या सांगली जिल्ह्यातल्या कुंडलच्या. शाळा चौथीपर्यंत. स्वयंपाक शिकल्या त्या लग्नानंतर, सासूबाईंकडून. ‘रुचिरा’ आलं १९७० साली. त्यानंतर ते लग्नाच्या रुखवतात, नोकरीच्या गावी नेलेल्या ट्रंकेत आणि परदेशी निघालेल्या बॅगेत जात राहिलं. प्रतींचा आकडा लाखाच्या वर गेला आणि कमलाबाईंना ‘लाखभर सुनांची सासू’ म्हणायला लागले.

मराठीतलं हे पहिलं पाकपुस्तक नव्हे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ १८७५ सालचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लक्ष्मीबाई धुरंधरांचं हजार पाकक्रियांचं ‘गृहिणीमित्र’ आलं. मग ‘रुचिरा’ने वेगळं काय केलं?

माझ्या मते उत्तर वाटीत आहे. कमलाबाईंचं माप वाटी, चमचा, चिमूट असं. वजनकाटा घरात असलाच पाहिजे अशी अट नाही. वरवर पाहता हे कच्चं माप. तुमची वाटी आणि माझी वाटी सारखी थोडीच असते? पण वाटी हे खरं तर मापच नाही, ते प्रमाण आहे. उकडीच्या मोदकाला जितकी पिठी साधारण तितकंच पाणी. ही गोष्ट आमटीच्या वाटीने मोजली काय आणि वरणाच्या भांड्याने मोजली काय, उकड होतेच. वाटी एकच ठेवा, म्हणजे झालं. कोणत्याही घरात, कोणत्याही भांड्यांत चालेल असं गणित या पुस्तकाने घरोघरी नेलं.

याचं महत्त्व कळायला आधीची परिस्थिती आठवावी लागते. स्वयंपाकाचं ज्ञान हातात असायचं, आणि तो हात बहुधा सासूचा असायचा. शिकायचं तर तिच्यासमोर चुकायचं आणि चुकलं की ऐकून घ्यायचं. पुस्तकामुळे पहिल्यांदा कुणी न बघता चुकता यायला लागलं. म्हणूनच ‘लाखभर सुनांची सासू’ ही पदवी मला गमतीची वाटते. ही सासू प्रमाण सांगते आणि गप्प बसते. टोमणा न मारणारी सासू हा त्या काळी केवढा मोठा शोध असेल!

वाटीचं गणित तुटतं ते चमच्यापाशी. वाटीला वाटी हे प्रमाण कुठेही टिकतं, पण वाटीला चमचा म्हटलं की दोन वेगळी भांडी आली. माझ्या चकल्या नेमक्या त्या फटीतून तेलात गेल्या.

खूण

प्रमाण कळलं तरी पदार्थ होतोच असं नाही. नव्या तांदळाला पाणी कमी लागतं, जुन्याला जास्त. एक गूळ पटकन सुटतो, दुसरा डाळीला घट्ट धरून बसतो. म्हणून जाणत्या बायका प्रमाणापेक्षा खुणेवर चालतात. पुरणात पळी उभी राहिली की पुरण झालं. पाकाचा थेंब दोन बोटांत धरून ताणला आणि एक तार आली की एकतारी. चकलीभोवतीचे बुडबुडे कमी झाले की ती काढायला आली.

यातली एकेक खूण म्हणजे कुणाची तरी वर्षानुवर्षांची निरीक्षणवही आहे. आणि मराठी पाककृतीची ठरलेली भाषा नेमकी इथेच कंजूष होते. ‘खमंग भाजावे’, ‘बेताचे पाणी घालावे’, ‘मऊसर मळावे’. खमंग म्हणजे कुठवर? ज्याच्या नाकाला तो वास आधीच माहीत आहे त्याला हा शब्द पुरतो. ज्याला माहीत नाही त्याला तो कुलूप लावलेल्या दारासारखा वाटतो.

या भाषेत अजून एक गोष्ट आहे, तिच्यावर मी बराच वेळ अडलो. तिचं व्याकरण. घालावे, परतावे, गाळावे, वळावे. सगळा विध्यर्थ. कर्ता नाहीच. कोण घालणार, कोण परतणार? लिहायची गरज कुणालाच वाटली नाही, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं.

‘भाजणी दळून आणावी’ हे एक वाक्य घ्या. तीन शब्द आहेत. त्या तीन शब्दांत तांदूळ आणि डाळी धुणं आहे, त्या पंचावर सावलीत वाळवणं आहे, मग एकेक जिन्नस वेगळा भाजणं आहे, कारण उडदाची डाळ आणि तांदूळ एकाच वेळेत भाजून होत नाहीत. नंतर डबा घेऊन गिरणीत जाणं आणि दिवाळीच्या गर्दीत आपला नंबर येईपर्यंत उभं राहणं आहे. आमच्याकडे यात आईचे दोन दिवस जायचे. पाककृतीत त्याचे तीन शब्द होतात, आणि माझ्या लहानपणच्या आठवणीत तर तेवढेही नाहीत. माझ्या आठवणीत थेट चकली आहे.

म्हणून सोपेपणाबद्दल माझी पहिली तक्रार ही: पाककृती सोपी वाटते ती बऱ्याचदा तिच्यातलं काम कमी आहे म्हणून नव्हे, तर ते मोजलेलं नाही म्हणून.

कट

व्हिडिओने ही कोंडी फोडायला हवी होती. अर्धी फोडलीही. ‘खमंग’ शब्दात जे मावत नव्हतं ते आता दिसतं. कांदा कोणत्या रंगावर थांबवायचा, फोडणीत मोहरी तडतडल्याचा आवाज कसा येतो, मोदकाची पाकळी बोटांनी नेमकी कुठे दाबायची. माझ्या पिढीतली कितीतरी मुलं-मुली फोनवरून स्वयंपाक शिकली आहेत, मीही त्यातलाच. परगावी एकट्या राहणाऱ्या माणसाला रात्री साडेनऊ वाजता कुणीतरी आपल्या भाषेत पिठल्याला गुठळ्या का होतात ते समजावतंय, याची किंमत मी कमी करणार नाही.

‘आपली आजी’ या चॅनेलचं उदाहरण बघा. नगरजवळच्या सारोळा कासारच्या सुमन धामणे करतात, त्यांचा नातू चित्रित करतो. मला यात फक्त चव किंवा गावाकडचं अप्रूप दिसत नाही. आजीचा हात आणि नातवाचा प्रश्न एकाच चौकटीत आले आहेत. आजीला जे सांगण्यासारखं वाटत नाही, ते विचारायला समोर एक न जाणणारा उभा आहे. पुस्तकाच्या पानावर त्याला जागा नव्हती.

पण व्हिडिओत कट असतो. कांदा कढईत पडला आणि पुढच्या क्षणी तो सोनेरी आहे. मधली बारा मिनिटं कुठे गेली? पुरण एका फ्रेममध्ये डाळ आहे आणि पुढच्या फ्रेममध्ये गोळा. पुरणयंत्र फिरवून दुखणारा खांदा संकलनात गेला. रील तर अर्ध्या मिनिटाची, तिच्यात सणाचा अख्खा स्वयंपाक गाण्याच्या एका कडव्यात संपतो. आणि ओट्यावरचा पसारा, सिंकमधली कढई, तेलकट झालेला सोऱ्या धुणं? ते कधीच दिसत नाही.

पुस्तकाने कर्ता गाळला आणि व्हिडिओने वेळ. दोन्हीकडे गाळलेलं बहुतेक एकाच व्यक्तीच्या वाट्याला येतं.

साहित्य

पाककृतीतला सगळ्यात निरुपद्रवी भाग म्हणजे वरची साहित्याची यादी. मीही ती तशीच वाचायचो, शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ वाचेपर्यंत.

हे पुस्तक २०१५ सालचं. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या खाद्यसंस्कृतीबद्दलचं. २०२४ मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतरही आलं. शीर्षकात एकच अक्षर वाढवलंय, पण पानावर बसून म्हणायच्या श्लोकातला शब्द त्याने उलटा केला आहे. जेवण पूर्णब्रह्म वाटायला आधी ताट भरलेलं असावं लागतं. ज्यांच्या वाट्याला ते अर्धवटच आलं, त्यांनी काय म्हणायचं?

यातल्या पदार्थांत तूप-दुधाची रेलचेल नाही. कारण घरात ते नव्हतंच. मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून केलेल्या चान्या आहेत, कारण मांस मिळेल तेव्हा मिळणार आणि ते टिकवायचं तर ऊन हाच उपाय. इथे ‘सोपं की अवघड’ हा प्रश्नच येत नाही. हाताशी काय आहे आणि ते किती दिवस पुरवायचं, हा प्रश्न आहे.

‘रुचिरा’ वाचून पाटोळ्यांकडे आलं की दोन गोष्टी जाणवतात. एक म्हणजे कर्ता परत येतो. कोण रांधतं, कुणाला कोणता वाटा मिळतो, कुणी कुणाच्या घरचं खात नाही, हे सगळं पदार्थाइतकंच महत्त्वाचं होतं. दुसरी म्हणजे ‘वाटीभर साजूक तूप’ ही आता नुसती यादीतली ओळ राहत नाही. ज्या घरात तूप आहे त्या घराचा तो पत्ता आहे. आपण ज्याला सरसकट ‘मराठी घरचं जेवण’ म्हणतो ते काही ठरावीक घरांचं जेवण होतं, आणि ते छापलं गेलं म्हणून सगळ्यांचं झालं.

याचा दोष एकट्या कमलाबाईंवर टाकणं मला पटत नाही. त्यांनी आपल्या ओट्यावरचं प्रामाणिकपणे लिहिलं. प्रश्न आपला आहे. एका ओट्याला आपण महाराष्ट्र समजलो. आणि पाटोळ्यांचं पुस्तक हाताशी धरून स्वयंपाक शिकायला बसाल तर काही ठिकाणी अडाल, हेही खरं. तो त्याचा हेतूही नाही. ते साक्ष नोंदवतं. पण ते वाचल्यावर कोणतीही साहित्याची यादी पूर्वीसारखी वाचता येत नाही, आणि समीक्षक म्हणून मला हे त्याचं मोठं यश वाटतं.

समास

त्या रविवारी परत जाऊ. पुस्तक उघडलं तेव्हा आधी दिसली ती आईची अक्षरं. आमच्या घरच्या प्रतीच्या समासात तिने पंचवीस-तीस वर्षं पेन्सिलीने लिहिलंय. ‘गूळ कमी चालतो.’ ‘शेवटी गॅस बारीक.’ एका पक्वान्नापाशी: ‘१२ माणसं. सकाळी ६ ते १. पाय दुखले.’

मला वाटतं, या पुस्तकावरची सर्वांत चांगली समीक्षा याच ओळीत आहे. छापील मजकुराने जे गाळलं ते तिने भरलं: माणसं किती, वेळ किती आणि कुणाचे पाय. घरच्या स्वयंपाकावर आज जो कुणी लिहील किंवा दाखवील, त्याच्याकडून मला एवढंच हवंय. प्रमाणाबरोबर खूण सांगा. खरा वेळ सांगा, धुण्या-वाळवण्यासकट. आणि करणारा कोण आहे ते लपवू नका. मग पदार्थ अवघड असला तरी चालेल.

मी पुन्हा फोन केला आणि या वेळी हट्टाने विचारलं, “अंदाजाने म्हणजे नक्की काय करतेस?” ती जरा थांबली. असं तिला कुणी विचारलं नव्हतं बहुतेक.

“वाटीभर भाजणीला पोह्याच्या चमच्याने एक चमचा मोहन, कडकडीत,” ती म्हणाली. “आणि सगळ्या एकदम कशाला पाडतोस? पहिली एकच तळून बघायची. विरघळली तर पिठात अजून भाजणी घाल. कडक झाली तर मोहन वाढव. मग बाकीच्या.”

पहिली एकच तळून बघायची. तिचा अंदाज म्हणजे एवढंच: थोडं करून बघणं, चुकलं तर दुरुस्त करणं आणि हे तीस दिवाळ्या करत राहणं.

उरलेल्या पिठात भाजणी मिसळली, कोमट पाण्याचा हात लावून मळलं आणि एकच चकली सोडली. बुडबुडे आले, मग हळूहळू कमी झाले. चकली शाबूत होती. रात्री पावणेबाराला शेवटचा घाणा निघाला. कढई घासून झाल्यावर मी पेन्सिल घेतली आणि आईच्या अक्षराखाली लिहिलं: ‘आधी एक. दुपारी ४ ते रात्री १२, भांड्यांसकट.’