दारातला काऊ

मुलांच्या गोष्टीतील बोध तिच्या अखेरच्या तात्पर्यात असतो, अशी समजूत आपल्याकडे जुनी आहे. १८२८ साली सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी इसापाच्या कथा मराठीत आणल्या, त्याही बोधासाठीच. परंतु मूल तात्पर्य ऐकत नाही. गोष्टीत कोणाच्या बाजूने हसावयाचे, एवढेच ते अचूक हेरते. आणि संस्कार घडतो तो तेथे.

चिऊकाऊची गोष्ट घ्या. काऊचे शेणाचे घर पावसात वाहून जाते. तो शेजारणीच्या दारी येतो, आणि मेणाच्या घरातून चिऊताई सांगते की बाळाचे न्हाणे व्हावयाचे आहे, अंग पुसावयाचे आहे, तीट लावावयाची आहे. या सबबींवर आपण सारे पोट धरून हसलो आहो. काही घरांत तर काऊस अखेर आत घेऊन तापलेल्या तव्यावर बसवितात! भाईंदरसारख्या मिठागरांच्या सखल गावी पावसाचे पाणी घरात शिरणे ही केवळ कथा नव्हे. तेथेही वरच्या मजल्यांवर मुलांस घास भरविताना हीच गोष्ट सांगतात. शेणावाचून दुसरे काही काऊस मिळण्याजोगे होते काय, हे गोष्टीत कोणी विचारीत नाही.

तिच्याशेजारी ‘श्यामची आई’ ठेवून पाहावी. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकात अश्रू फार, हा आक्षेप सर्वस्वी खोटा नाही. पण त्यातला एक प्रसंग पाहा. अस्पृश्य मानलेल्या एका वृद्धेची मोळी खाली पडते. आई श्यामला सांगते, मोळी तिच्या डोक्यावर चढवून दे, आणि मग घरी येऊन अंघोळ कर. ती अंघोळ आज खटकते, खटकावीच. तथापि क्रम लक्षात घ्यावा: चिऊताईकडे आधी न्हाणे, मग दार, येथे आधी ओझे, मग न्हाणे. सोवळ्याच्या घरात राहूनच या बाईने माणसाची अडचण पुढे घेतली. गुरुजी स्वतः त्या अंघोळीपाशी थांबले नाहीत. १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून त्यांनी उपोषण केले.

म्हणून चिऊकाऊ टाकून द्यावे, असे आमचे म्हणणे नाही. दार पहिल्याच हाकेस उघडले, तर गोष्टच उरत नाही. सांगणाऱ्याने काऊच्या भिजल्या पंखांपाशी थोडे अधिक रेंगाळावे, इतकेच. तवा मात्र आमच्या घरी आम्ही गाळतो.