‘द नाइटिंगेल’ : प्रतिकाराची दोन रूपे

क्रिस्टिन हॅना या अमेरिकन लेखिकेची ‘द नाइटिंगेल’ (२०१५) ही कादंबरी जर्मनव्याप्त फ्रान्समधील दोन बहिणींची कथा आहे. रोसिन्योल हे त्यांचे माहेरचे आडनाव. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ नाइटिंगेल पक्षी असाच होतो. धाकटी इझाबेल हेच टोपणनाव घेऊन दोस्त राष्ट्रांच्या वैमानिकांना पिरेनीज पर्वत ओलांडून स्पेनमध्ये पोहोचवते. थोरली व्हिएन, पती युद्धकैदी झाल्यावर, मुलीसह गावातच राहते आणि तिच्या घरात जर्मन अधिकारी बेक मुक्कामास येतो. युद्धकाळातील स्त्रियांचे अलक्षित शौर्य हे कादंबरीचे उघड आशयसूत्र आहे.

इझाबेलच्या व्यक्तिरेखेमागे बेल्जियमच्या आंद्रे द योंग (१९१६–२००७) यांची प्रेरणा आहे. ‘कॉमेट’ या सुटकामार्गाच्या त्या एक संस्थापक. शंभराहून अधिक जणांना त्यांनी स्वतः सीमापार नेले. जानेवारी १९४३ मध्ये अटक झाल्यावर वडिलांना वाचविण्यासाठी त्यांनी आपणच सूत्रधार असल्याचे कबूल केले. जर्मनांचा त्यावर विश्वासच बसला नाही. वडिलांना १९४४ मध्ये गोळ्या घालण्यात आल्या. त्या मात्र छळछावण्यांतून वाचल्या. कादंबरीत हे सारे उलटे होते. वडील जुलियाँ ‘नाइटिंगेल मीच’ असे खोटेच सांगून मुलीसाठी मरण पत्करतात. दुरावलेल्या पित्याचे हे प्रायश्चित्त वाचकाला हेलावते, यात शंका नाही. परंतु स्त्रीचे शौर्य शत्रूलाही खरे वाटू नये, हा इतिहासातील दाहक उपरोध त्यात हरवला. आशयसूत्राचा सर्वांत भक्कम पुरावा लेखिकेने भावनोत्कटतेसाठी सोडून दिला, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

व्हिएनच्या कथानकात अशी तडजोड नाही. बेकच्या सांगण्यावरून ती शाळेतील ज्यू आणि कम्युनिस्ट शिक्षकांची नावे लिहून देते; त्यांत जिवलग मैत्रीण राशेलचेही नाव असते. ही माहिती अन्यत्र मिळणे अवघड नव्हते, तरी हस्ताक्षर तिचे असते. पुढे राशेलला पकडून नेले जाते, तेव्हा व्हिएन तिच्या मुलाला स्वतःचा म्हणून वाढवते. इतर ज्यू मुलांनाही खोट्या नावांनी लपवते. तिचा प्रतिकार अपराधभावातून जन्मतो, म्हणूनच तो इझाबेलच्या निर्भयतेपेक्षा अधिक विश्वसनीय आहे. (इझाबेल आणि गाएताँ यांची प्रेमकथा ठरावीक वळणांनी जाते, तिच्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही.)

१९९५ मधील अमेरिकेतील वृद्ध निवेदिका या दोघींपैकी कोण, हे लेखिका अखेरपर्यंत लपवते. ही निव्वळ उत्कंठेची युक्ती वाटण्याचा संभव आहे. तथापि निवेदिका व्हिएन असल्याचे उघड होते, तेव्हा बहिणीच्या पराक्रमाबरोबरच स्वतःच्या वाट्याचे युद्धही तिने पोटच्या मुलापासून अर्धशतक दडवून ठेवले होते, हे वाचकास कळते.