बुधवारची जमा-नावे

बुधवार हा वार मला नेहमी आमच्या बँकेतल्या मधल्या काउंटरसारखा वाटतो. सोमवारच्या काउंटरपुढे रांग असते, शुक्रवारच्या काउंटरवरच्या माणसाचं मन तीन वाजताच घरी पोचलेलं असतं. बुधवार आपला मध्ये बसून मुकाट्यानं पासबुकं छापत असतो. आमच्या लहानपणी मात्र बुधवारला मान होता. रात्री दूरदर्शनवर 'चित्रहार' लागे. शेजारच्यांच्या घरी सतरंजीवर जागा धरण्यासाठी आम्ही जेवण घाईघाईनं उरकायचो. आता गाणी खिशात असतात आणि सतरंजी माळ्यावर.

तर अशाच एका बुधवारी कॅश टॅली करून मी घरी आलो. बाहेरच्या खोलीत आई मालिका पाहत बसली होती. कन्या पुस्तकात डोकं घालून बसली होती, आणि सौ. स्वयंपाकघरातून 'आवाज कमी करा' असं दर पाच मिनिटांनी म्हणत होती. हे वाक्य नेमकं कोणाला उद्देशून असतं याचा उलगडा मला अजून झालेला नाही. मी आर. के. नारायण यांचं 'मालगुडी डेज' उघडलं आणि एका डोळ्यानं वाचत, दुसऱ्यानं मालिका पाहत बसलो. समीक्षक होण्याला याहून जास्त पात्रता लागत असेल असं मला वाटत नाही.

मालिकेत एक पत्र आलं होतं. ते कुणी उघडावं, यावर घरातल्या सात माणसांचे चेहरे तीन-तीनदा दाखवण्यात आले. मग जाहिराती लागल्या. इकडे माझ्या हातातल्या पुस्तकातही योगायोगानं पत्रच होतं. स्वामी नावाचा पोरगा शाळेला दांडी मारायला निघतो आणि सबबीखातर सॅम्युएलमास्तर फार मारतात असं वडिलांना सांगतो. वडील हेडमास्तरांना एक कडक पत्र लिहून याच्याच हाती देतात. वाटेत स्वामीला वाटू लागतं, मास्तर तर बरे आहेत बिचारे! मग पत्र खरं ठरावं म्हणून तो दिवसभर मास्तरांना डिवचून छड्या मिळवतो आणि शेवटी हेडमास्तरांकडे जातो, तर ते रजेवर. त्यांचं काम पाहणारे कोण? सॅम्युएलमास्तरच! झालं. गोष्ट संपली. मी ती दोन जाहिरातींच्या मध्ये वाचून काढली. एवढ्यात तिकडचं पत्र टेबलावरून उचललंसुद्धा गेलं नव्हतं.

शंकर नाग यांनी या पुस्तकावरून दूरदर्शनसाठी मालिका केली, ती १९८६-८७च्या सुमारास आम्ही पाहिली. वीस-बावीस मिनिटांत माणसं यायची, फजिती करून घ्यायची आणि निघून जायची. आम्हां मुलांना ती पुढे आठवडाभर पुरायची. हल्लीच्या मालिका रोज असतात आणि रात्रीपुरत्याही पुरत नाहीत. जुनं ते सोनं म्हणण्याचा माझा स्वभाव नाही. जुन्या दूरदर्शनवर 'व्यत्यय' या पाटीकडे टक लावून बसण्यातही आमच्या पिढीचे बरेच तास गेले आहेत. तक्रार आहे ती हिशेबाची.

'चार दिवस सासूचे' ही मालिका घ्या. रोहिणी हट्टंगडी आणि कविता लाड यांची कामं चांगली होती. आईनं ती अगदी व्रतासारखी पाहिली. २००१ साली ती सुरू झाली तेव्हा मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतो. मग मी पास झालो, बँकेत चिकटलो, माझं लग्न झालं, आमच्या घरातही एक सासू आणि एक सून तयार झाली, कन्येचा जन्म झाला, आणि २०१३च्या जानेवारीत ते चार दिवस संपले. तीन हजारांच्या वर भाग झाले. अर्ध्या तासाचा एक भाग धरून मी एकदा स्लिपच्या पाठीमागे गुणाकार केला: दीड हजार तास, म्हणजे न झोपता सलग पाहिलं तरी बासष्ट दिवस आणि वर बारा तास. चार दिवसांच्या मुद्दलावर इतकं व्याज आमची बँक मुदत ठेवीला देऊ लागली, तर बँकेसमोर ट्रॅफिक पोलीस ठेवावा लागेल. शिवाय म्हणीतले सुनेचे चार दिवस बाकी राहिले ते राहिलेच.

बासष्ट म्हटल्याबरोबर कन्येनं पुस्तकातून मान वर केली आणि म्हणाली, "साठ दोन."

आमची कन्या ही शिक्षणखात्याच्या बहुतेक प्रयोगांच्या वेळी नेमकी त्या-त्या वर्गात हजर असते. २०१९ साली ती दुसरीत गेली आणि त्याच वर्षी बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आलं. काय गदारोळ झाला तेव्हा! प्रकरण विधिमंडळापर्यंत गेलं. आमच्या बँकेतही दुपारच्या डब्यावर मराठी भाषा बुडाल्याचं सर्वानुमते ठरलं. ठरवणाऱ्यांत मी पुढे होतो. गणितज्ञ मंगला नारळीकर या बदलाची बाजू शांतपणे मांडत होत्या, आणि आम्ही ती न वाचता फेटाळत होतो. म्हणणं साधं होतं: त्रेपन्न बोलताना तीन आधी येतो आणि लिहिताना पाच, शिवाय जोडाक्षरं, लहान पोरं अडखळतात. कानडी आणि तेलुगूत दशक आधी म्हणतात, इंग्रजीतही तसंच. जुनी नावं काढून टाकलेली नव्हतीच, शेजारी छापलेली होती.

माझं मत बदललं ते काउंटरवर. एक आजोबा म्हणाले, "एकोणसत्तर द्या." आमचा नवा पोरगा, चांगला पदवीधर, कळसुद्धा मराठीत दाबणारा, गोंधळून माझ्याकडे वळला, "सर, सिक्स्टी नाइन की सेवंटी नाइन?" मी हसलो आणि मनातल्या मनात बोटं मोजली. वाचक, खरं सांगा, तुम्हीसुद्धा आत्ता मोजलीत ना? एकोणसाठला साठ यायचेच असतात, आणि शंभराला एक कमी असला तर त्याला एकोणशंभर का म्हणत नाहीत हे मला कुठल्याच मास्तरांनी सांगितलेलं नाही. माझं म्हणणं एवढंच, की दोन्ही नावं राहू द्यावीत. सासू-सून एका घरात अकरा वर्षं राहिल्या, मग एकवीस आणि वीस एक एका पानावर राहायला काय हरकत आहे?

पुढे ही सहावीत गेली तेव्हा, २०२३ साली, पाठ्यपुस्तकं चार भागांत आली आणि प्रत्येक पाठामागे कोरी पानं आली. 'माझी नोंद' करायला. हेतू असा की दप्तर हलकं व्हावं, वह्या घ्याव्या लागू नयेत. मुलं वह्या न्यायची ती न्यायचीच. २०२५ मध्ये पानं रद्द झाली. मी तेव्हा रद्दीवाल्याच्या तराजूकडे बघून म्हणालो होतो की कोऱ्या कागदाला छापील कागदाचाच भाव येतो, साहित्याची किंमत ती काय राहिली!

त्या बुधवारी जाहिराती लांबल्या म्हणून मी कोपऱ्यातला रद्दीचा गठ्ठा उपसत बसलो आणि त्यातला सहावीचा एक भाग उघडला. पाठ ठीक होता. लेखकाला मुलांपेक्षा समितीची जास्त भीती वाटत असावी. पण मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं नोंद होती:

'आज बुधवार. बाबा आज माझ्याशी तीन वाक्यं बोलले. जेवलीस का? अभ्यास झाला का? रिमोट कुठाय?'

खाली बाईंची लाल टिक होती. शुद्धलेखनाची एकही चूक काढलेली नव्हती.

मी पान मिटलं. पुन्हा उघडलं. स्वामीचे वडील आठवले, निदान त्यांनी पत्र तरी लिहिलं होतं. गठ्ठा तसाच ठेवून मी कन्येशेजारी जाऊन बसलो आणि चौथं वाक्य जुळवू लागलो. बी.कॉम.च्या तीन वर्षांत हे कुठे शिकवलेलं नव्हतं. 'शाळेत काय विशेष?' हे वाक्य तोंडात आलं, पण ते मलाच चेकवरच्या छापील मजकुरासारखं वाटलं. तेवढ्यात तिनंच विचारलं, "बाबा, तू असा का बघतोयस? रिमोट आजीकडे आहे."

"रिमोट नकोय," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. मग सोसायटीच्या मेंटेनन्सचा चेक पुढे सरकवला. आईची दृष्टी अधू झाल्यापासून तिचे चेक हीच लिहिते. "मग हे सांग. अठराशे आणि साठ नऊ. आजीला अक्षरी जुन्या मराठीत पाहिजे. काय लिहू?"

"एकोणसत्तर," मी छातीठोकपणे म्हणालो, आणि टेबलाखाली बोटं मोजली.