डावे, उजवे आणि आरसा : ‘उजव्या सोंडेचा गणपती’ आणि फळमाशीचा भ्रूण

डॉ. जयंत नारळीकर (1938–2025) यांच्या ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या विज्ञानकथेची चर्चा मोबियसच्या पट्टीपाशी सुरू होऊन बहुधा तेथेच थांबते. प्रस्तुत लेखात या कथेतील मूळ कल्पनेकडे, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूंच्या अदलाबदलीकडे, भ्रूणविज्ञानाच्या दृष्टीने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरातील महाविद्यालयांत प्राणीशास्त्राचे अध्यापन करणाऱ्यांना हा प्रश्न तसा परका नाही. तो आपल्याच प्रयोगशाळेत, काचपट्टीवर पडून असतो.

कथेची कल्पना भूमितीची आहे. प्रभादेवीच्या सिद्धिविनायकामुळे उजव्या सोंडेचे वेगळेपण मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाही, आणि नारळीकरांनी शीर्षकातच या श्रद्धेचा जो उपयोग करून घेतला आहे तो केवळ चतुराईचा नाही. आरशातल्या प्रतिमेप्रमाणे पालटलेली वस्तू मूळ वस्तूहून भिन्न असते, हे एरवी शुष्क वाटणारे विधान त्यामुळे घरगुती होते. एच. जी. वेल्स यांच्या 1896 च्या ‘द प्लॅटनर स्टोरी’मध्येही माणूस असाच पालटून परततो. मात्र तेथे अशा सांस्कृतिक संकेताचे पाठबळ नाही, म्हणून ती कथा तुलनेने कोरडी वाटते.

परंतु भूमितीने पालटलेले शरीर हे संपूर्ण पालटलेले शरीर असते. केवळ हृदय उजवीकडे जात नाही, तर डाव्या घडणीची अमिनो आम्ले उजव्या घडणीची होतात आणि डीएनएचा उजवा पीळ डावा होतो. वाचकाने हा तर्क पुढे नेला, तर अशा माणसाला भाजी-भाकरीतील प्रथिनेही पचू नयेत. निसर्गातील ‘उलटा’ जीव असा नसतो. सुमारे 10,000 माणसांत एखाद्याची आंतरेंद्रिये पूर्णतः उलट बाजूंना असतात, पण त्याचे रेणू तुमच्या-आमच्यासारखेच असतात. या दोन पालटांत फरक न केल्यास विद्यार्थ्याच्या मनात डावे-उजवे म्हणजे आरशाचा खेळ, एवढेच राहते.

हा फरक सर्वांत स्पष्टपणे दिसतो तो फळमाशीत. ही माशी बाहेरून इतकी सममित, की तिच्यात या प्रश्नाचे उत्तर शोधावे असे दीर्घकाळ कोणाला वाटले नाही. मात्र तिच्या भ्रूणाचे पश्चांत्र आधी मध्यरेषेवर असते, मग सुमारे 90 अंशांत फिरते आणि त्याचा बाक उजवीकडे येतो. नराचे जननांग कोशावस्थेत पूर्ण 360 अंश फिरते, तेही ठरलेल्या दिशेने. 2006 मध्ये फ्रान्समधील स्तेफान नोसेली आणि जपानमधील केन्जी मात्सुनो यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखविले की ‘मायोसिन वन-डी’ हे प्रथिन बनविणारे जनुक निकामी झाल्यास ही वळणे उलट दिशेने होतात. 2011 मध्ये मात्सुनो यांच्या गटाला असे आढळले की पश्चांत्र वळण्यापूर्वीच त्याच्या पेशी एका बाजूस कललेल्या असतात. पेशींचा हा कल सुटताना नळी पिळली जाते. 2018 मध्ये तर हेच प्रथिन माशीच्या श्वासनलिकेत किंवा त्वचेत निर्माण करविल्यावर तेही अवयव पिळले गेले. काचेवर पसरलेले मायोसिन ॲक्टिनच्या तंतूंना सरळ न ढकलता वर्तुळाकार फिरवते. रेणूचा पीळ पेशीत, पेशीचा पीळ अवयवात, अशी ही चढण आहे.

येथे एक गोष्ट विशेष विचारार्ह वाटते. उंदराच्या भ्रूणात पक्ष्माभिकांची हालचाल बंद पडली की दिशा यदृच्छेने ठरते. काही डावे, काही उजवे. माशीत मात्र मायोसिन नसताना गोंधळ होत नाही, वळण निश्चितपणे उलटे होते. म्हणजे उलट दिशेची प्रवृत्ती तेथे आधीपासून असून हे प्रथिन तिच्यावर मात करते, असे मानावे लागते. रेणूंपैकी एकही आरशातला झालेला नसताना अवयव मात्र आरशातला होतो. कथेतील पट्टीला हे साधणारे नाही.

आता आपल्याकडे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दीकी आणि व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी 1970 च्या दशकात फळमाशीच्या गंधसंवेदनेवर पायाभूत काम केले. डोंबिवलीहून ती जागा लोकलच्या अंतरावर आहे. तरीही प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यातील वर्गांत माशी आनुवंशशास्त्रापुरती, पांढऱ्या डोळ्यांपुरती उरते, आणि भ्रूणविज्ञान कोंबडीच्या काचपट्ट्यांवर चालते. त्या काचपट्टीत सुमारे 33 तासांच्या भ्रूणाचे हृदय उजवीकडे फुगलेले स्पष्ट दिसते. विद्यार्थी तेथे बाण काढून ‘हृदय’ असे लिहितो, आणि गुण मिळतात. ‘उजवीकडेच का?’ हा प्रश्न तोंडी परीक्षेतही क्वचितच विचारला जातो. 1995 मध्ये कोंबडीच्याच भ्रूणात, हृदय वळण्याच्या पुष्कळ आधी, ‘सॉनिक हेजहॉग’ हे जनुक डाव्या बाजूला अधिक व्यक्त होते असे आढळले. या जनुकाचे नाव फळमाशीतील ‘हेजहॉग’ जनुकावरून आले आहे; मात्र माशी आपली डावी-उजवी बाजू त्याच्या आधारे नव्हे, मायोसिनच्या आधारे ठरवते.